संडेस्कूल नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

चर्चच्या पंच कमिटीच्या सभेत कुणीतरी म्हणतं, “यंदा संडेस्कूल तुम्हीच बघा.” बाकीचे माना डोलावतात आणि काम तुमच्या गळ्यात पडतं. सोबत मिळते एका कपाटाची किल्ली. आत मागच्या नाताळातले देवदूतांचे पंख, मेंढपाळांचे फेटे, वाळून गेलेले स्केचपेन, ऑगस्टपर्यंतच भरलेलं हजेरीपुस्तक आणि कुणी कधी आणलं ते कुणालाच आठवत नाही असं एक इंग्रजी पाठांचं पुस्तक. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) मुलांच्या सेवेची, म्हणजे मुलांना बायबल शिकवायच्या या कामाची, सुरुवात बहुधा अशीच होते. हा लेख त्या किल्लीवाल्या माणसासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. संडेस्कूल वाढतं ते शिक्षक टिकले म्हणून. प्रोजेक्टर, बक्षिसं, बाहुल्यांचे खेळ हे सगळं नंतरचं. ज्या वर्गात सलग दोन-तीन वर्षं तीच ताई किंवा तोच दादा उभा असतो, ज्याला प्रत्येक मुलाचं नाव, त्याची शाळा आणि घरातलं आजारपण ठाऊक असतं, त्या वर्गात मुलं स्वतःहून येतात. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं अशी माणसं मिळावीत, ती तयार व्हावीत आणि थकून निघून जाऊ नयेत यासाठीच आहे.

थोडा इतिहास. १७८० मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रवाल्याने गरीब मुलांसाठी रविवारी शाळा सुरू केली. ही मुलं आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली असत. त्यांना मोकळा असा रविवारच मिळे. तिथे त्यांना लिहाय-वाचायलाही शिकवत. आपल्या देशात इंडिया संडे स्कूल युनियन १८७६ मध्ये उभी राहिली. म्हणजे रविवार हा वार मुळात ठरला तो मुलांच्या सवडीवरून. आता पुण्यातल्या मुलांचा रविवारच सगळ्यात गच्च असतो: क्लास, क्रिकेटचं कोचिंग, स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्तीची परीक्षा. तेव्हा तुमच्या भागात शनिवारी संध्याकाळी मुलं जास्त येणार असतील, तर वाराचा हट्ट धरू नका. नाव संडेस्कूलच राहिलं तरी काही बिघडत नाही.

पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) आणि कमिटीकडे काय मागायचं

कामाला होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या. पहिली, जागा. कॅम्पातली आणि पेठांमधली जुनी देवालयं, म्हणजे चर्चच्या इमारती, देखणी आहेत, पण ती बांधली मोठ्यांच्या उपासनेसाठी. वर्ग भरवायला खोल्या नसतात. मग हॉल उरतो, आणि हॉल लग्नाला दिलेला असतो. रविवारी सकाळी मुलं आली आणि आत केटररची भांडी मांडलेली, असं दोनदा घडलं की तिसऱ्या वेळी पालक मुलांना आणत नाहीत. संडेस्कूलच्या वेळेत हॉलचं बुकिंग घेणार नाही, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट पैसे. रक्कम लहान असेना, पण वार्षिक अंदाजपत्रकात तिचं वेगळं खातं हवं. नाहीतर प्रत्येक कार्डशीटसाठी खजिनदारांच्या मागे फिरावं लागतं, आणि शेवटी शिक्षक स्वतःच्या खिशातून खर्च करतात. स्टेशनरी अप्पा बळवंत चौकात आणि हस्तकलेचं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक भावात मिळतं. वर्षाची खरेदी एकदाच करा. मुलांच्या अर्पणाचे पैसे मात्र वर्गखर्चात मिसळू नका. ते मोठ्या मुलांनी मोजावेत, कुठे द्यायचे ते मुलांनीच सुचवावं आणि दिल्यावर उपासनेत तसं जाहीर व्हावं. मुलं पैशांबाबत फार काटेकोर असतात.

तिसरी, कमिटीच्या प्रत्येक बैठकीत मुलांच्या सेवेचा विषय. पाच मिनिटं पुरतात. आणि पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा वर्गात येऊन बसावं, शिकवायला नव्हे, नुसतं बसायला. आपल्याकडे पाळक मुलांना झग्यातच दिसतात. खाली सतरंजीवर बसलेले दिसले की त्यांची भीती जाते.

मुलं मोजा, मग त्यांच्या घरी जा

सभासदांची नोंदवही आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर घेऊन बसा. तीन ते चौदा वयाच्या सगळ्या मुलांची यादी करा, मग ती येत असोत वा नसोत. यादी सहसा हजेरीच्या दुपटीहून मोठी निघते. नावापुढे राहण्याचा भाग लिहा. आजी-आजोबा नाना पेठेत किंवा खडकीत, मुलगा-सून वाघोलीला किंवा पिंपळे सौदागरला, अशी आता कितीतरी घरं आहेत. त्या नातवंडांना सकाळी साडेआठला देवालयात पोहोचायचं तर सातला उठावं लागतं, हे तुमच्या वेळापत्रकाला माहीत हवं.

मग घरभेटी. जोडीने जा, आधी फोन करून जा, वीस मिनिटांत निघा. चहा होईल, पालक उपासनेतल्या लाउडस्पीकरपासून सगळ्या तक्रारी सांगतील, ते ऐका. पण त्यातला निम्मा वेळ मुलाशी बोलण्यात गेला पाहिजे. शाळा कोणती, माध्यम कोणतं, वाढदिवस कधी, शेंगदाण्याची वा दुसऱ्या कशाची अ‍ॅलर्जी आहे का, न्यायला कोण येणार. आईवडील वेगळे राहत असतील, तर मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं हे स्पष्ट विचारून लिहून घ्या. अवघड वाटतं, पण गेटवर भांडण झाल्यावर विचारण्यापेक्षा हे बरं. ही माहिती एका फाइलमध्ये कुलपात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

सुरक्षितता: इथे घाई नको आणि भीडही नको

आपली मंडळी म्हणजे एक कुटुंब, सगळे एकमेकांना ओळखतात, मग नियम कशाला, हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. ओळखीतच धोका लपतो, हे त्याचं उत्तर. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ चा आहे. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली जाते. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. हे वाचून शिक्षक घाबरतात, म्हणून नियम असे मांडा की ते मुलांना आणि शिक्षकांनाही सांभाळतील.

एका वर्गात कायम दोन मोठी माणसं, आणि ती दोघं नवरा-बायको किंवा सख्खी भावंडं नसलेली बरी. माणसं कमी असतील तर दोन वर्ग एकत्र करा, पण एकट्या शिक्षकावर वर्ग सोपवू नका. दार उघडं किंवा दाराला काच. लहान मुलांना स्वच्छतागृहात नेताना दोघं जातील, आणि मोठं माणूस बाहेर थांबेल. मुलाला एकट्याला गाडीवर बसवून घरी सोडणं नाही. मुलाला खासगी मेसेज पाठवणं नाही. जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. मारणं नाही, कान पिळणं नाही, “तुझ्या बाबांना सांगू का” अशी धमकीही नाही. फोटो काढायचा तर पालकांची लेखी संमती घेऊन, आणि मुलाचं पूर्ण नाव नि शाळा फोटोखाली न लिहिता.

नवा माणूस मंडळीत आला, गातो छान, उत्साही आहे, लगेच मुलांमध्ये घाला, असं होऊ देऊ नका. किमान सहा महिने नियमित उपासनेला येणं, एक छोटा अर्ज, मंडळीबाहेरच्या दोन ओळखीच्या माणसांशी बोलणं आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, एवढं सगळ्यांना सारखंच लागू करा. पाळकांच्या मुलालाही आणि तुम्हालाही. सगळ्यांना सारखं असलं की कुणाला अपमान वाटत नाही.

आता मूल काही सांगू लागलं तर काय करायचं. शांतपणे ऐका. “खरंच का?” “तू काय केलं होतंस?” असे प्रश्न नकोत. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलाने वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवा. चौकशी स्वतः करू नका, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर तर मुळीच आणू नका. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शंका आली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंतची कैद आणि दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. “मंडळीची बदनामी होईल, आपण आपसात प्रार्थनेने मिटवू” असं म्हणणारे भले लोक असतात. प्रार्थना जरूर करा, पण पोलिसांना फोन करून झाल्यावर.

शिक्षक कुठून आणायचे

“ज्यांना देवाने ओझं दिलं असेल त्यांनी उपासनेनंतर भेटावं” अशी व्यासपीठावरून सूचना देऊन शिक्षक मिळत नाहीत. मिळाले तर दरवेळचेच मिळतात, जे गायनमंडळीतही आहेत, तरुण संघातही आहेत आणि हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) लिलावातही. एकेकाकडे जाऊन मागा. मागताना काम नेमकं सांगा: सहा ते आठ वयाचा वर्ग, महिन्यातून दोन रविवार, जून ते एप्रिल, सोबत अमुक ताई. मुदत ठरलेली असली की माणसं हो म्हणतात. “एकदा अडकलो की सुटका नाही” हीच त्यांची खरी भीती असते.

शाळेतल्या शिक्षकांनाच आधी विचारायचा मोह होतो. ते चांगलं शिकवतात, यात शंका नाही. पण आठवडाभर चाळीस-पन्नास मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या बाईंना रविवारी तरी बसू द्यावं असं मला वाटतं. त्यांच्याकडून वर्षातून दोनदा बाकी शिक्षकांचं प्रशिक्षण करून घ्या, त्याचा उपयोग जास्त. निवृत्त माणसं, कॉलेजातली मुलं, आयटीत काम करणारा तो अबोल तरुण, भाजीचं दुकान चालवणाऱ्या मावशी, यांतून फार चांगले शिक्षक निघतात. मुलांशी बोलताना खाली वाकणारा माणूस शोधा. तो उपासना सुटल्यावर अंगणात ओळखू येतो.

बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत शिकणारे विद्यार्थी मंडळ्यांमध्ये सेवेला येतात. त्यांची मदत घ्या, त्यांच्याकडून शिकाही. पण वर्गाचा मुख्य भार त्यांच्यावर टाकू नका, कारण शिक्षण संपलं की ते आपापल्या गावी जाणार आणि मुलांना पुन्हा नवा चेहरा.

नव्या शिक्षकाने पहिले दोन महिने फक्त मागे बसावं, नावं शिकावीत, खाऊ वाटावा. मग एखादं वचन, म्हणजे बायबलमधली ओळ, शिकवावं. मग अर्धी गोष्ट. थेट वर्गात ढकलल्यावर पहिल्याच रविवारी एखादा आठ वर्षांचा पठ्ठ्या “डायनासोर नोहाच्या तारवात होते का?” असं विचारतो आणि नवखा शिक्षक गारठतो. “मला नक्की माहीत नाही, बघून सांगतो” हे उत्तर चालतं, हे त्याने मुरलेल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलेलं असावं.

महिन्यातून एकदा शिक्षकांची बैठक घ्या, कुणाच्या तरी घरी, पोह्यांसकट. पुढच्या चार पाठांवर बोला, गैरहजर मुलांची नावं घेऊन प्रार्थना करा. आणि शिक्षकांनी मोठ्यांच्या उपासनेला किमान दर दुसऱ्या रविवारी बसलंच पाहिजे, अशी पाळी लावा. वर्षभर उपदेश न ऐकता, प्रभुभोजन न घेता मुलांच्या खोलीत अडकलेला शिक्षक दुसऱ्या वर्षी राहत नाही.

वर्ग आणि वेळ

दहा-बारा मुलं असतील तर दोनच वर्ग करा: आठपर्यंतची आणि नऊच्या पुढची. चाळीसच्या पुढे गेलात की तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा, बारा ते चौदा असे चार. मुलांनी उपासनेच्या सुरुवातीला, गीतं आणि प्रार्थना होईपर्यंत आईवडिलांजवळ बसावं आणि उपदेशाच्या वेळी वर्गात जावं, ही पद्धत मला सर्वांत बरी वाटते. पूर्ण वेळ वेगळं ठेवलेलं मूल पंधराव्या वर्षी मोठ्यांच्या उपासनेत पाहुण्यासारखं बसतं.

तो पाऊण तास

पाऊण तासात दहा मिनिटं हजेरी, गप्पा आणि एक गीत. बारा-पंधरा मिनिटं गोष्ट. दहा मिनिटं गोष्टीवर बोलणं आणि वचन. उरलेला वेळ चित्र, खेळ किंवा हस्तकला, मग प्रार्थना. खाऊ शेवटी. केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की (अ‍ॅलर्जीची यादी पाहून). यात गोष्ट हा कणा आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात कच्ची असते, कारण तयारी शनिवारी रात्री सुरू होते.

तयारी सोमवारी सुरू करा. शास्त्रभाग मोठ्याने वाचा, पवित्र शास्त्रातूनच (बायबलमधूनच), पाठाच्या पुस्तकातून नव्हे. मंगळवारी पुन्हा. मग स्वतःला विचारा, या गोष्टीत देव काय करतो आहे? ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य मुलांना सांगायचं नाही. गोष्ट भरकटू नये म्हणून ते तुमच्यापाशी असावं. शुक्रवारपर्यंत गोष्ट पुस्तक न बघता घरातल्या कुणाला तरी सांगून बघा. वर्गात सांगताना शास्त्र उघडं हातात धरा, म्हणजे गोष्ट कुठली आहे ते मुलांना दिसेल, पण डोळे मुलांवर ठेवा.

मराठी पवित्र शास्त्रात जकातदार जक्कय येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. पुण्यातल्या बऱ्याच मुलांनी उंबर पाहिलेला असतो, अंगणात पडलेली लाल फळं तुडवलेली असतात. तिथून सुरुवात करा: खोडावर फळं लागलेली, खाली मुंग्या, आणि वर एक बुटका अधिकारी चांगले कपडे सावरत चढतोय. ज्या मुलाने पाच भाकरी आणि दोन मासे दिले, त्याच्या भाकरी जवाच्या होत्या. एखाद्या रविवारी घरून खरीच भाकरी करून आणा, तोडून वाटा. तेविसावं स्तोत्र शिकवताना सासवड-जेजुरीच्या रस्त्यावर दिसणारे धनगरांचे कळप आठवायला सांगा. कुत्रा कुठे चालतो, काठी कशाला लागते, कोकरू कुणाच्या खांद्यावर असतं? मुलं इतकं सांगतात की तुम्हाला बोलायला जागा राहत नाही. हवं तेच तर असतं.

प्रत्येक गोष्टीचं शेपूट “म्हणून आपण आईबाबांचं ऐकलं पाहिजे” असं लावू नका. मुलं ते शेपूट दुरून ओळखतात आणि कान मिटतात. शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते आणि तो धावत याजक एलीकडे जातो, एकदा नाही, तीनदा. एवढ्यावर थांबून विचारा, “तुम्ही असता तर चौथ्यांदा उठला असता का?” नरकाची भीती घालून किंवा भावना पेटवून हात वर करवून घेण्याच्याही मी विरुद्ध आहे. आठ वर्षांचं मूल ताईला खूश करायला हात वर करतं. त्याला वेळ द्या.

गाण्याबद्दल. अ‍ॅक्शन असलेली इंग्रजी गाणी मुलांना आवडतात, म्हणू द्या. पण महिन्याला मोठ्यांच्या गीतपुस्तकातलं एक मराठी गीत पक्कं करून घ्या, म्हणजे मूल उपासनेत आजीच्या शेजारी उभं राहून तेच गाईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख आहे. त्या वाटेने संडेस्कूलने फारसं चालून पाहिलेलं नाही. मध्येच थांबून ध्रुपद, पुन्हा गोष्ट, हाताशी झांजा: ही कीर्तनाची रीत दहा-बारा वर्षांच्या मुलांना कशी धरून ठेवते ते एकदा करून बघा.

भाषेचा प्रश्न वर्गात लगेच समोर येतो. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची असतात, मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. बोलणं मराठीतच ठेवा, घरचं साधं मराठी. वचन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला एकट्याला उभं करून वाचायला लावू नका. पुढच्या रविवारी त्याच्या पोटात दुखतं. “तारण”, “पश्चात्ताप”, “नीतिमान” हे शब्द वर्षभरात एकेक करून, गोष्टीतून समजावा. वचनं थोडी निवडा. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही” हे एक वचन अर्थासकट चार आठवडे घोळवलेलं बरं. पाठांतराच्या स्पर्धेत बावन्न वचनं घडाघडा म्हणणारं मूल पुढच्या जूनला त्यातली चारही सांगू शकत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

वर्ष जूनमध्ये, शाळांसोबत सुरू करा. पहिल्या रविवारी वर्गबदल, नवे शिक्षक मंडळीपुढे उभे करून त्यांच्यासाठी प्रार्थना. पेठांमधल्या मंडळ्यांनी पालखीच्या मुक्कामाचे आणि गणेश विसर्जनाचे दिवस आधीच पाहून ठेवावेत; रस्ते बंद असतात, त्या आठवड्यात रविवार अडकत असेल तर वर्ग घरोघरी भरवा किंवा सरळ सुट्टी द्या. नोव्हेंबरात बालदिनाच्या जवळच्या रविवारी उपासना मुलांकडे सोपवता येते: शास्त्रवाचन, प्रार्थना, अर्पण गोळा करणं. त्यांना नटवून नाच बसवण्यापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

नाताळचं नाटक संडेस्कूल गिळून टाकतं. ऑक्टोबरपासून तालमी, पाठ बंद, मुख्य भूमिकेवरून दोन कुटुंबांत अबोला. सहा आठवड्यांची मर्यादा घाला, तालीम वर्गाच्या वेळेबाहेर, प्रत्येक मुलाला काम, आणि मरियेची भूमिका दरवर्षी त्याच घरात जाणार नाही याची काळजी.

व्हीबीएसची (सुट्टीतल्या बायबल शिबिराची) तारीख ठरवताना शाळांची वेळापत्रकं मागवा. सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, तर राज्य मंडळाच्या परीक्षा एप्रिल उतरेपर्यंत चालू शकतात. मे लागला की निम्मी घरं अहिल्यानगर, संगमनेर, जालन्याकडे आपापल्या गावी निघालेली. जो काही आठवडा सापडेल त्यात पाच दिवस, सकाळी आठ ते अकरा, उन्हाच्या आत. सहलीला केडगाव उत्तम. पुणे–दौंड रेल्वेमार्गावर आहे, आणि तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८५८ ते १९२२ या काळातल्या. त्यांचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं होतं. त्यांनी इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, हे मुलींना तिथे उभं राहून सांगा. भेटीची परवानगी मात्र आधी घ्या.

पालक

वर्ग आठवड्याला पाऊण तास, घर उरलेला सगळा वेळ. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी बोलायला सांगितलं आहे, आणि ते आईबापांना सांगितलं आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचं बोलताना प्रेषित पौल त्याच्या आजीचं, लोईसचं, नाव आईच्या आधी घेतो. पुण्यातही नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या घरी मुलाला प्रार्थना शिकवते ती आजीच. तिला विसरू नका. पालकसभेचं बोलावणं आजी-आजोबांनाही द्या.

पालकांच्या ग्रुपवर बुधवारी एकच मेसेज टाका: गेल्या रविवारची गोष्ट एका ओळीत आणि जेवताना विचारायचा एक प्रश्न. “जक्कयाने पैसे परत केल्यावर त्याचे शेजारी काय म्हणाले असतील?” बस. सुविचारांची चित्रं, सणांच्या शुभेच्छा, फॉरवर्ड यांना तिथे बंदी. नाहीतर तो एक मेसेजही कुणी वाचणार नाही.

सोसायटीतली, शेजारची इतर धर्मांची मुलं मित्रांबरोबर येतात, विशेषतः व्हीबीएसला. तिथे काय शिकवलं जातं ते त्यांच्या आईवडिलांना आधी भेटून सरळ सांगा, लेखी परवानगी घ्या, आणि त्यांना हवं तर वर्गात बसू द्या. परवानगी नसेल तर मुलाला प्रेमाने घरी पाठवा. वह्या-दप्तरांचं आमिष दाखवून मुलं गोळा करणं चुकीचं आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचा विश्वास कायमचा जातो.

ज्या मुलाला ऐकू कमी येतं, जे एका जागी बसू शकत नाही, ज्याला गोंगाट सहन होत नाही, त्याच्या आईला विचारा, घरी काय केलं की तो शांत होतो. एक सहायक त्याच्याजवळ द्या, कोपऱ्यात एक चटई. असं मूल वर्गात सामावलं की त्याचं अख्खं घर उपासनेला परत येतं, कारण कित्येक वर्षं ते आळीपाळीने बाहेर थांबत असतात.

वाढ झाली हे कशावरून कळतं

नाताळच्या किंवा व्हीबीएसच्या गर्दीवरून नाही. ऑगस्टमधल्या पावसाळी रविवारची हजेरी बघा. तो खरा आकडा. सलग तीन रविवार मूल आलं नाही तर शिक्षकाने फोन करायचा, चौथ्या आठवड्यात घरी जायचं, हा नियम करा. बक्षिसांनी संख्या चढते आणि बक्षिसं संपली की उतरते. वर्गात पंधराच्या पुढे मुलं स्थिरावली की तो फोडायचा, पण आधी दुसरी शिक्षकांची जोडी तयार हवी. जोडी नसेल तर वर्ग फोडू नका, आणि शेजारच्या भागात नवी शाखाही उघडू नका, कमिटीला कितीही उत्साह आला तरी.

बारा-तेराव्या वर्षी मुलं गळू लागतात. लहानांच्या वर्गात लाज वाटते, तरुण संघात बोलायला कुणी नसतं. त्यांना काम द्या: हजेरी घेणं, वाद्य वाजवणं, बालवर्गात गोष्टीतली पात्रं होणं. दोन मोठ्या माणसांच्या नियमात मात्र त्यांना मोजू नका. तीही मुलंच आहेत. चौदाव्या वर्षी तरुण संघात पाठवताना शिक्षकाने स्वतः सोबत जाऊन पहिल्या दोन-तीन बैठकांना बसावं, आणि तरुण संघाच्या दोघांनी त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गात येऊन या मुलांची ओळख करून घ्यावी. ज्या मंडळ्यांत दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग असतो, तिथे तो घेणाऱ्या पाळकांना प्रत्येक मुलाबद्दल एक पान लिहून द्या: काय विचारतं, कशात रमतं, घरी कोण आहे. आणि त्या कपाटात अशीच एक फाइल तुमच्या नंतर येणाऱ्यासाठी ठेवा. पंख आणि फेटे धुऊन ठेवलेत तर उत्तमच.